चिवड्याच्या पाकिटावर तारीख असते, गेमवर का नाही?

मधलीसुट्टी:

धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

भाचा नववीत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत सगळ्यांच्या पाया पडून जमवलेल्या पैशांतून त्याने कारच्या शर्यतींचा एक गेम घेतला. २,४९९ रुपये. कंपनीचं नाव घेत नाही, प्रकरण अजून चालू आहे. गेल्या महिन्यात तो आमच्याकडे सुट्टीला आला, लॅपटॉप उघडला, आणि पडद्यावर 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही'. खाली एकच बटण: 'पुन्हा प्रयत्न करा'. पोराने चार दिवस पुन्हा प्रयत्न केला. मी ब्रॉडबँडवाल्याला दोनदा बोलावलं, तो बिचारा राउटर बदलून गेला. पाचव्या दिवशी कळलं की गेमच बंद झालाय. कंपनीने आधी मेल पाठवला होता म्हणे. तो गेला होता लॉकडाऊनच्या ऑनलाइन शाळेसाठी उघडलेल्या खात्यावर, जे शाळा सुरू झाल्यापासून कुणी उघडलेलंच नाही.

यात पोरगा एकटाच खेळायचा, हे लक्षात घ्या. समोर कुणी माणूस नाही, बाकीच्या गाड्या संगणकच चालवायचा. पन्नासेक जीबीचा ऐवज अजून लॅपटॉपवर पडून आहे. पण सुरू होताना गेम कंपनीच्या सर्व्हरला 'आत येऊ का?' असं विचारतो, आणि तिकडे 'ये' म्हणायला आता कुणी नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा टेबलावर चिवड्याचं पाकीट होतं. वीस रुपयांचं. त्यावर वजन, कमाल किंमत, पॅक केल्याचा महिना, कधीपर्यंत खावं, तक्रारीसाठी फोन नंबर, अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना. अडीच हजारांच्या गेमवर यातलं किंमत सोडून काही नव्हतं. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

याहून मोठं, जगजाहीर उदाहरण म्हणजे युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा गेम. डिसेंबर २०१४ मध्ये आला. अख्खी अमेरिका आखडून एका नकाशात बसवलेली, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गाडी हाकत जायचं. १४ डिसेंबर २०२३ ला तो विक्रीतून काढला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. त्यानंतर लोकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला. म्हणजे दुकान बंद केलं ते केलं, वर घरात येऊन वस्तूही उचलून नेली.

त्यावरून रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांनी वर्षभरात दहा लाख सह्या जमवल्या, आणि किमान सात देशांनी आपापला ठरलेला आकडा गाठला, तर युरोपीय आयोगाला त्या मागणीवर उत्तर द्यावंच लागतं. ३१ जुलै २०२५ ला मुदत संपली तेव्हा आकडा चौदा लाखांच्या वर होता. सर्व्हर जन्मभर चालू ठेवा अशी मागणी नाहीये. बंद करताना गेम चालण्याजोग्या अवस्थेत सोडून जा, एवढंच.

माझं तर त्याहूनही कमी आहे. एक तर तारीख छापा, नाहीतर 'विकत घ्या' हे शब्द बटणावरून काढा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट न सांगता डिजिटल माल 'विकत घ्या' म्हणून विकता येत नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरायच्या आधी तशी एक ओळ ऑक्टोबर २०२४ पासूनच दिसायला लागली.

तुमचं काय म्हणणं?

पेठकर:

चिवडा कुठला होता?

शेडर_आणि_शेवपुरी:

मी पुण्यात एका स्टुडिओत काम करते. आम्ही परदेशी कंपन्यांच्या गेमसाठी गाड्या, इमारती, झाडं वगैरे बनवून देतो. त्यामुळे दुसरी बाजू मांडते, चिडू नका.

सर्व्हर म्हणजे कपाटात ठेवलेला एक डबा, बंद करताना लोकांच्या हातात दिला की झालं, असं नसतं. लॉगिन एका कंपनीचं, खेळाडूंच्या जोड्या लावणारी यंत्रणा दुसऱ्या कंपनीची, खेळातल्या लबाड्या पकडणारं सॉफ्टवेअर तिसऱ्याचं, वर सगळं भाड्याच्या क्लाउडवर. यातलं बरंचसं आमच्या मालकीचं नसतं, मग वाटणार कसं? गाड्यांची नावं आणि गाणी ठरावीक वर्षांच्या करारावर घेतलेली असतात. करार संपला की विकता येत नाही. व्हिडिओ गेम्स युरोप या उद्योगाच्या संघटनेनेही जुलै २०२५ मध्ये हेच मांडलं, की बरेच गेम पायापासूनच ऑनलाइन म्हणून बांधलेले असतात, आणि लोकांनी चालवलेल्या सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा, आक्षेपार्ह मजकूर यांची जबाबदारी कुणाची?

आणि तारीख कशी छापणार? चिवडा कधी खवट होतो ते माहीत असतं. गेम चालणार की पडणार हे कुणालाच माहीत नसतं. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद. दोन आठवडे! त्यावर कुठली तारीख छापली असती?

मधलीसुट्टी:

शेडरताई, कॉन्कॉर्डचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. सोनीने सगळ्यांचे पैसे परत दिले. तिथे कुणाची तक्रार उरली नाही.

करार संपला की विक्री थांबवावी लागते हे मान्य. पण विक्री थांबवणं वेगळं आणि विकलेलं मारणं वेगळं. 'फोर्झा होरायझन ४' ची विक्री १५ डिसेंबर २०२४ ला थांबली, कारण हेच परवान्यांचं. ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्या गाड्या अजून धावतायत.

आणि जमत नाही म्हणता, तर ज्यांनी जमवलं ते बघा. 'ग्रान तुरिस्मो स्पोर्ट' चे सर्व्हर ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाले, पण त्याआधी अपडेट देऊन एकट्याने खेळण्याचा भाग ऑफलाइन चालेल अशी सोय केली. 'नॉकआउट सिटी' हा तर सगळा माणसांनी माणसांशी खेळायचा गेम, जून २०२३ मध्ये बंद करताना त्यांनी लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती दिली. छोटा स्टुडिओ होता तो. खुद्द युबिसॉफ्टने एवढी बोंबाबोंब झाल्यावर 'द क्रू २' ला ऑफलाइन सोय दिली. म्हणजे जमतं. आधी कुणी मागितलं नव्हतं, एवढंच.

तारखेचं मान्य, पक्की तारीख नाही सांगता येणार. मग 'किमान अमुक तारखेपर्यंत नक्की चालेल' एवढं तरी छापा. फ्रिजवाला दहा वर्षांची कॉम्प्रेसरची हमी देतो तेव्हा त्यालाही भविष्य दिसत नसतंच.

श्टुटगार्टचा_साबुदाणा:

इकडची गंमत सांगतो. अकरा वर्षं जर्मनीत आहे, कर भरतो, रविवारी ड्रिल मशीन लावत नाही, कचरा चार डब्यांत टाकतो. ती सह्यांची मोहीम आली तेव्हा मोठ्या उत्साहाने फॉर्म उघडला. सही फक्त युरोपीय संघाच्या नागरिकांना करता येते. पासपोर्ट भारतीय, त्यामुळे बंदा बाहेर. मग ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या चौघांना धरलं. नाव, पत्ता, जन्मतारीख, दोन मिनिटांचं काम. त्यातला एक उभ्या आयुष्यात गेम खेळलेला नाही. त्याने विचारलं, "म्हणजे पैसे घेतले आणि वस्तू परत नेली?" मी म्हटलं, हो. "मग यात चर्चा कसली?" म्हणाला आणि सही केली.

ब्रिटनमध्ये मात्र निराशा आहे. तिथल्या अर्जावर लाखाच्या वर सह्या झाल्या, ३ नोव्हेंबर २०२५ ला संसदेत चर्चाही झाली. सरकारचं म्हणणं, कायदा बदलायचा विचार नाही.

तापकीरगल्ली:

२००४ साली पुण्याच्या बुधवार पेठेत तापकीर गल्लीतून शंभर रुपयांना पायरेटेड सीडी आणायचो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर मार्करने नाव लिहिलेलं, तेही चुकीचं. 'क्लॉ' ची ती सीडी आजही चालते. परवाच पोरीला त्यातलं मांजर दाखवलं. आणि तुम्ही इमानदारीने अडीच हजार भरून ब्रॉडबँडवाल्याला चहा पाजताय.

पायरसीचं समर्थन करत नाही. (करतोय थोडंसं.)

बाकी डिस्कवर भरवसा ठेवू नका. निन्टेन्डोच्या स्विच २ या गेम खेळायच्या यंत्राला आता असली कार्डं येतात ज्यात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. कार्ड घाला आणि सगळा गेम इंटरनेटवरून उतरवा. दुकानातून खोकं आणलं, खोक्यात चावी, आणि घर कंपनीकडे.

कलम३५:

जिल्हा ग्राहक आयोगात वकिली करतो, म्हणून चार शब्द. हा सल्ला नव्हे, गप्पा आहेत.

१. 'गेम ही वस्तू नाही, परवाना आहे' हे कंपन्यांचं आवडतं वाक्य. ऑस्ट्रेलियात तिथल्या ग्राहक आयोगाने स्टीमच्या मालकांना, व्हॉल्व्हला, पैसे परत करण्याच्या मुद्द्यावर कोर्टात खेचलं होतं. आमचा व्यवसाय ऑस्ट्रेलियात नाही आणि आम्ही वस्तू विकत नाही, असा व्हॉल्व्हचा बचाव. कोर्टाने दोन्ही फेटाळलं आणि २०१६ मध्ये तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. आपल्याकडे २००४ च्या टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सीडीवर तयार मिळणारं सॉफ्टवेअर ही 'वस्तू'च मानली. तो वाद विक्रीकराचा होता, ग्राहक हक्कांचा नव्हे, आणि सीडी आता राहिली नाही. तरी वाचून ठेवण्यासारखा निकाल आहे.

२. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही नवी गोष्ट आली. योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क देणारी अट त्यात मोडू शकते. गंमत अशी की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगातच जावं लागतं. म्हणजे अडीच हजारांच्या गेमसाठी मुंबई. म्हणून माझ्यासारखे लोक 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' हा रस्ता धरतात. ते जिल्ह्यात चालतं, तेही तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची, आणि ती खरेदीपासून नव्हे तर तक्रारीचं कारण घडलं तेव्हापासून.

३. करारात 'वाद लवादाकडेच न्यावा' असं लिहिलेलं असतं, लोक ते वाचूनच गळाठतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात सांगितलंय की लवादाची अट असली तरी ग्राहकाला आयोगाचं दार बंद होत नाही.

४. मधलीसुट्टी, भाचा अल्पवयीन आहे. तक्रार त्याच्या आईवडिलांच्या नावाने करा. आणि बिल शोधा. विकणाऱ्याचं नाव कुठलं आहे ते बघा, गेम बनवणाऱ्याचं की दुकानाचं. निम्म्या केसेस इथेच अडकतात.

सुरुवात १९१५ वर फोन करून करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते निकाल देत नाहीत, पण कंपनीच्या टेबलावर कागद जातो.

आईपण_वायफायपण:

तुम्ही सगळे मेलेल्या गेमचं रडताय, माझा वैताग जिवंत गेमचा आहे. मुलगी अकरा वर्षांची. गेम फुकट. आत हिरे विकत घ्यायचे. हिरे मिळतात शंभरच्या पटीत आणि पोशाख असतो एकशेवीस हिऱ्यांचा. म्हणजे दोनशे घ्या, ऐंशी उरतात. पुढचा पोशाख पुन्हा एकशेवीसचाच. ते ऐंशी असे डोळ्यांसमोर लटकवून ठेवतात, की आता एवढे आहेतच तर अजून थोडे घेऊ. आमच्या वाण्याने सुट्ट्यांऐवजी चॉकलेट दिलं तरी मी भांडते!

आणि ती पेटी. दीडशे हिरे टाका, आत काय निघेल ते नशीब. हे जुगारापेक्षा वेगळं कसं?

कलम३५:

ताई, बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशा पैसे भरून उघडायच्या पेट्यांना जुगारच ठरवलं. त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या गेममधल्या असल्याच पेट्यांवरून मोठं रण पेटलं होतं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, पण तुमच्या मुलीला पेटीतून टोपी मिळते, पैसे नाही. त्यामुळे ती पेटी त्यात धरायची का हा वादाचा मुद्दा.

३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने 'डार्क पॅटर्न' म्हणजे ग्राहकाला फसवून क्लिक करायला लावणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी काढली. खोटी घाई, टोपलीत गुपचूप माल टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण, वगैरे. नशिबाची पेटी त्यात नावाने नाही. पण 'फक्त आजच! अजून दोन तास!' असं रोज नव्याने येत असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, 'खोटी घाई' मध्ये बसेल. युरोपात मार्च २०२५ मध्ये ग्राहक यंत्रणांनी सांगितलं की गेममधल्या चलनाच्या वस्तूंची किंमत खऱ्या पैशांतही दाखवा, आणि नको असलेले जास्तीचे हिरे घ्यायला भाग पाडू नका. तुमचे ते ऐंशी हिरे म्हणजे नेमकं हेच.

निवृत्तीनंतर:

मी गेम खेळत नाही. नातवाने हा धागा दाखवला. मी पंचाहत्तर सालापासून मुंबई ग्राहक पंचायतीत. त्या काळी आम्ही शेजारपाजारचे मिळून संघ करायचो, महिन्याची यादी द्यायचो आणि माल एकत्र यायचा. वजन आमच्या काट्यावर पुन्हा करून बघायचो. दुकानदार म्हणायचे, वजन कमी भरलं तर त्यात आमचा काय दोष, माल वाळतो. हवा लागली की तूरडाळ वाळते म्हणे! आज वरती 'सर्व्हर कपाटातला डबा नसतो' हे वाचताना मला ती वाळणारी तूरडाळ आठवली. ताई, राग मानू नका.

शेडर_आणि_शेवपुरी:

काका, राग नाही. हसू आलं.

काल लिहायचं टाळलं होतं, आता लिहिते. माझी पहिली नोकरी. एका रेसिंग गेमसाठी आमच्या टीमने गाड्यांचे डॅशबोर्ड केले. माझ्याकडे एक जुनी इटालियन गाडी होती. तिचा काटा हलताना किंचित थरथरायचा, खऱ्या गाडीत थरथरतो तसा. ते कुणी सांगितलं नव्हतं, मी स्वतः केलं, तीन दिवस घालून. लीडने बघितलं आणि काही न बोलता ठेवून दिलं. तो गेम आता बंद आहे. मुलाखतीला गेले की विचारतात, "तुमचं काम कुठे बघायला मिळेल?" कुणीतरी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत सव्वा मिनिटाला, उजव्या कोपऱ्यात, धूसर.

सर्व्हरचा कोड फुकट वाटा याच्या मी अजूनही विरुद्ध आहे. पण एकट्याने खेळायचा भाग सर्व्हरला का बांधायचा, याचं तांत्रिक कारण मला आमच्या सीनियरनी कधीच दिलेलं नाही. विचारलं की म्हणतात, 'डिझाइनचा निर्णय आहे.' आणि नव्या गेममध्ये हे पहिल्या दिवसापासून ठरवलं तर खर्च फारसा नाही. जुन्यात मागाहून घुसवायचं म्हणजे मात्र भिंत पाडून नळ टाकण्यासारखं.

तापकीरगल्ली:

म्हणजे बाई फुटल्या एकदाच्या.

शेडर_आणि_शेवपुरी:

अर्धी.

श्टुटगार्टचा_साबुदाणा:

एक चांगली बातमी. 'द क्रू' चाहत्यांनी परत उभा केला, माहीत आहे ना? दोनेक वर्षं खपून त्यांनी कंपनीच्या सर्व्हरची नक्कल करणारा स्वतःचा सर्व्हर लिहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लोकांना दिला. ज्यांच्याकडे जुन्या फायली होत्या ते पुन्हा अमेरिका फिरतायत. कंपनीला जे परवडत नाही ते मूठभर पोरांनी रात्री जागून फुकटात केलं.

कलम३५:

केलं खरं, पण कायद्याच्या अंधाऱ्या बोळात उभे आहेत ते. उद्या नोटीस आली तर वाचवायला कुणी नाही. म्हणून तर कायद्यात हवं.

मधलीसुट्टी:

पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय.

बिल सापडलं. १९१५ वर तक्रार ताईच्या नावाने नोंदवली. पहिल्यांदा फोन घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "कोणती वस्तू?" मी म्हटलं, व्हिडिओ गेम. "रिमोट खराब आहे का?" नाही म्हटलं, ज्या कंपनीचा गेम आहे तिनेच तो बंद केला. थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे रिचार्ज संपल्यासारखं?" मी म्हटलं, रिचार्ज किती दिवसांचा ते तरी सांगतात. त्यांनी तेच वाक्य जसंच्या तसं तक्रारीत टाइप केलं. नंतर छापून आलं तेव्हा बघितलं.

अठराव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. सेवा अटींनुसार बंद केली, पूर्वसूचना दिली होती, पैसे परत मिळणार नाहीत. मात्र 'मूल्यवान ग्राहक' म्हणून त्याच मालिकेतल्या नव्या गेमवर वीस टक्के सूट देणारं कूपन.

नवा गेमही सतत ऑनलाइन असावा लागणाराच आहे. तो कधीपर्यंत चालेल हे कुठेही लिहिलेलं नाही, मी सगळी पानं वाचली.

कूपनवर मात्र तारीख आहे. तीस दिवस, त्यानंतर बाद. लाल अक्षरांत.

कलम३५, व्यक्तिगत निरोप केलाय, जिल्ह्यात तक्रार करायची आहे. शेडरताई, तो थरथरणारा काटा भाच्याला आठवतोय. तुमचा तोच गेम की दुसरा, देव जाणे, पण इटालियन गाडी होती म्हणतो.

पेठकर, चिवडा कोपऱ्यावरच्या बेकरीतला. तारखेच्या दोन दिवस आधी संपवला.